उजवीकडची जागा

इंदूच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही. इंदू माझी धाकटी बहीण, भिवापूरला दिलेली. तिने एवढंच विचारलं होतं, "दादा, आपलं अस्वलाचं पुस्तक अजून आहे का रे? नातीला, मंजूला, वाचता येऊ लागलंय. पाठवशील?"

पुस्तक होतं. मला ते द्यायचं नव्हतं. साठी उलटलेल्या, कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाने हे बहिणीला कसं लिहायचं?

महाल भागातल्या माझ्या खोलीत रोज दुपारी मी ते वाचायचो, वर्तमानपत्राच्या आड धरून. एक मुलगा आणि त्याचं अस्वल जंगल तुडवत अस्वलाच्या आईला शोधायला निघतात, एवढीच गोष्ट. शब्द न् शब्द पाठ. तरी नदीचं पान आलं की अस्वल वाहून जाईल या भीतीने माझे पाय आखडायचे. पलीकडच्या काठावर ते अंग झाडायचं आणि मी एकटाच हसायचो.

शेजारच्या कांताबाईंनी एकदा दारातून पाहिलं. "काका, पोराईचं पुस्तक काहून वाचून राहिले? शाळेत नाव टाकता का आता?"

माझी कानशिलं तापली.

लहानपणी ते आम्ही दोघं मिळून वाचायचो. इंदू उजवीकडे. माझं आधी वाचून व्हायचं. मी विचारायचो, "झालं का?" ती "झालं" म्हणाली की पान उलटायचं.

१९७४ च्या मे महिन्यात पान उलटेना.

खिडकीला वाळ्याची ताटी होती, ती केव्हाच सुकलेली. पान चिकटलेलं नव्हतं. पण बोटाखाली जड लागलं, पलीकडून कोणी दाबून धरावं तसं. थोड्या वेळाने सैल झालं. उन्हाने कागद आखडला असेल, असं मी ठरवलं. पुढच्या पानावर तेच. मोठ्या अक्षरांच्या पानाला थोडा वेळ लागे, दाट मजकुराला जास्त, चित्राला बराच. कुणीतरी अक्षर लावून लावून वाचत होतं.

घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण मी बाजेवर डावीकडे सरकून बसू लागलो. उजव्या दंडाला गारवा जाणवे. ओल्या पाटीचा वास येई. इंदू म्हणावं, तर ती भिवापुरात धडधाकट होती, मिरच्या वाळवत होती.

दिवाळीपर्यंत उजवीकडच्याचं वाचन सुधारलं. माझी ओळ पुरी व्हायच्या आत पान उठू लागलं. अंगठ्याने दाबलं तरी निसटे. नदीचं पान मला आता अर्धंच मिळे. अस्वल पाण्यातच राही.

एका दुपारी कांताबाई दारात आल्या. "काका, कोणाची पोर आली जी? घडीघडी 'झालं का, झालं का' करून राहिली. तुमी सांगून काहून नाही देत तिले?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"रेडिओ," मी म्हणालो. माझ्याकडे रेडिओ नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या बाजेकडे पाहत मागे सरकल्या. त्यांच्या दाराची कडी वाजली.

पुस्तक जाळायला मी शेगडीपाशी नेलं. उघडलं, दोन ओळी वाचल्या. जाळवेना. घरात ठेववेना.

मग इंदूचं पत्र आठवलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

कार्ड लिहिलं. 'उशीर झाला, राग मानू नकोस. पुस्तक पाठवतो आहे.' मंजूला एकटीला वाचू देऊ नकोस, हेही लिहायचं होतं. पण कारण काय देणार? ती ओळ राहिली.

बुक-पोस्टाचं पुडकं दोन्ही टोकांनी उघडं ठेवावं लागतं. पोस्टातल्या बाबूने पुस्तक बाहेर ओढलं.

"आत चिठ्ठी-गिठ्ठी नाही ना, काका?"

तो पानं चाळत गेला. नदीच्या पानावर त्याचं बोट अडलं. त्याने पुन्हा जोर लावला. मग वाचू लागला.

"काय भाऊ," मागून कोणीतरी ओरडलं, "गोष्ट वाचून राहिला का? आमाले तिकीट तर देऊन दे!"

त्याने मान वर केली नाही. खुर्चीतच तो थोडा डावीकडे सरकला.

खिडकीतून हात घालून पुस्तक ओढून घेता आलं असतं.

मी बाहेर आलो. इंदूला लिहिलेलं कार्ड लाल पेटीत टाकलं. त्यात शेवटी, रीतीप्रमाणे, लिहिलं होतं: चि. मंजूस अनेक आशीर्वाद.