लांबून काढलेला फोटो

कॅमेऱ्याच्या दुकानात भांडायला कोणी जात नाही. चित्रलेखाही गेली नव्हती. बाहेर रिपरिप पाऊस, पॅरामॅटाच्या मॉलमध्ये शनिवारची ही गर्दी, आणि तिला हवा होता एक साधा, पर्समध्ये मावेल असा, लांबचं जवळ आणणारा सुपरझूम. "आई, कॅमेरा बघतेय गं, नंतर करते," म्हणून तिने फोन ठेवला, काउंटरवरच्या मुलीने कॅमेरा तिच्या हातात दिला... आणि शेजारून कोणीतरी मराठीत पुटपुटलं, "अरेरे, हा नका घेऊ."

तिने मान वळवली. खांदे भिजलेला, दाढी वाढलेला एक तरुण हातात दुसराच कॅमेरा धरून उभा होता. आपण मोठ्याने बोललो हे कळल्यावर त्याचे कान लाल झाले.

"मला म्हणालात?"

"नाही... म्हणजे हो. सॉरी. फोनवर मराठी ऐकलं आणि जीभ घसरली."

"घसरलीच आहे तर पूर्ण बोला आता."

मग काय, गडी सुटलाच! "तुमचा तो लांबचं दाखवतो, मान्य. पण त्याचा सेन्सर नखाएवढा. जरा उजेड कमी झाला की फोटोत दाणे दाणे येतात. त्यापेक्षा हा मिररलेस बघा. एंट्री लेव्हलचाच आहे, पण सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते. संध्याकाळीसुद्धा चेहरा कसा स्वच्छ येतो!"

"आणि झाडाच्या शेंड्यावर बसलेला काकाकुवा? तो येतो का यात?"

"या लेन्सने... ठिपका येईल."

"मग तो ठिपका फ्रेम करून भिंतीवर लावा."

तो हसला. काउंटरवरची मुलगी "नो वरीज, टेक युअर टाइम" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिला मराठी कळलं नसेल, पण एवढ्यात हे दोघं आवरणार नाहीत हे तिला बरोबर कळलं.

"पण माणसं?" त्याने विचारलं. "माणसांचे फोटो नाही काढत तुम्ही?"

"नाही."

इतक्या पटकन आणि इतकं कोरडं म्हणाली ती, की त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

आता हे सांगायलाच हवं. चित्रलेखा वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. तिचा नवरा हृषिकेश तीन वर्षांपूर्वी, ऑफिसात खुर्चीतून उठता उठता गेला. चांगला धडधाकट माणूस, सकाळी डबा घेऊन निघालेला. घरात फोटो काढायचा तो, आणि फोटोत असायची ती. तो गेल्यापासून तिच्यासमोर कोणी कॅमेरा धरला की तिचा चेहरा दगड व्हायचा, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखायचा म्हटलं की ती तो खाली ठेवून द्यायची. पक्षी बरे. लांब असतात, काही विचारत नाहीत, आणि साताऱ्यात एकटी बसलेली आई ते बघून खूश होते.

तो यतिन. विद्यार्थी म्हणून या देशात आला, पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळाल्यावर इथलाच झाला, रेल्वेच्या सिग्नल दुरुस्तीत कामाला लागला. मुलांकडे चार महिने राहायला आलेले आजी-आजोबा वेंटवर्थव्हिलच्या बागेत बाकांवर येऊन बसतात ना, त्यांचे तो फोटो काढायचा आणि छापून त्यांच्या हातात द्यायचा. म्हणून त्याला चेहरे स्वच्छ हवे होते.

शेवटी तिने सुपरझूम घेतला, त्याने मिररलेस. दारात छत्री उघडताना तो म्हणाला, "भांडण अर्धवट राहिलं आपलं. उद्या पॅरामॅटा पार्कात या. एकच वस्तू, दोन्ही कॅमेऱ्यांनी काढू, मग ठरवू कोणाचा चांगला."

"आणि हरलात तर?"

"हरलो तर हॅरिस पार्कच्या हलवायाकडे जिलबी."

"आणि मी हरले तर?"

"तरी जिलबीच. ती मी सोडणार नाही."

ती गेली. का गेली, हे तिला तेव्हा विचारलं असतं तर म्हणाली असती, पक्ष्यांसाठी!

मग रविवारमागून रविवार गेले. नियम यतिनने घातलेला – एकच वस्तू, दोन कॅमेरे, आणि फोटो पाठवायचे ते जोडीनेच. "एकटा फोटो पाठवायचा नाही. तुलना कशाशी करणार मग?" नदीकाठच्या झाडांना उलटी लटकलेली वटवाघळं तिच्या कॅमेऱ्यात डोळे मिचकावताना दिसायची, त्याच्यात नुसती काळी फळं. संध्याकाळी पुलावरचे दिवे त्याच्याकडे शांत, सोनेरी यायचे आणि तिच्याकडे रवा सांडल्यासारखे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"तुझा कॅमेरा म्हणजे शेजारच्या काकू," तो म्हणायचा. "सगळ्यांच्या खिडक्यांतलं दिसतं, पण अंधुक."

"आणि तुझा म्हणजे नवी सून. दोन पावलांपलीकडचं काही दिसतच नाही."

एकदा एक टर्की रानकोंबडा यतिनची कॅमेऱ्याची बॅगच ओढून न्यायला लागला. हा त्याच्या मागे, "अरे मेट, माझी लेन्स आहे त्यात," असं त्या पक्ष्याला इंग्रजी-मराठीत समजावतोय. चित्रलेखा पोट धरधरून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि तशीच घरी आली, आणि जेवताना मध्येच थांबली. आपण इतकं हसलो... आज दिवसभरात हृषिकेशची आठवण एकदाही आली नाही. तिला स्वतःची शरम वाटली. पुढच्या रविवारी शिफ्ट आहे, असं तिने यतिनला खोटंच कळवलं.

त्याच आठवड्यात आईने अॅडलेडचं स्थळ आणलं. अजित नाव. घटस्फोट झालेला, इंजिनिअर, सज्जन. "मी काय जन्माला पुरणार आहे का गं?" आई म्हणाली. "तू एकदा हो म्हण. आणि फोटो पाठव, नीट कॅमेऱ्याने काढलेला. तुझे हल्लीचे फोटो म्हणजे नुसते पासपोर्ट."

चित्रलेखा हो म्हणाली. आईला आनंद झाला, पण त्या होकाराचं खरं कारण आईला माहीत नव्हतं. अजित अनोळखी होता. त्याच्याशी संसार मांडला तर भांडीकुंडी मांडावी लागतील, मन नाही. हृषिकेश जिथे होता तिथे तसाच राहील. यतिनचं मात्र तसं नव्हतं. यतिन आणखी थोडा जवळ आला असता तर तिला सगळंच्या सगळं मन द्यावं लागलं असतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

फोटो काढायला मात्र तिला दुसरं कोणी सुचेना.

"स्थळाला पाठवायचाय," तिने सांगितलं तेव्हा यतिन लेन्स पुसत होता. तो पुसतच राहिला. चकचकीत झाली तरी पुसत राहिला.

"कुठलं?"

"अॅडलेड."

"बरं शहर आहे," तो म्हणाला. मग लेन्स बॅगेत ठेवून, "रविवारी ये. साडी नेस, ती निळी. मी काढतो."

रविवारी आभाळ भरून आलं होतं. जॅकरंडाच्या फुलांचा जांभळा सडा ओल्या गवताला चिकटून बसला होता. यतिनने तिला नदीकाठी उभं केलं आणि मिररलेस घेऊन तो अगदी हाताच्या अंतरावर आला. इतका जवळ, की त्याच्या शर्टाचा साबणाचा वास तिला यावा. त्याच्या कॅमेऱ्यातली फोकसची चौकट तिच्या डोळ्यावर येऊन थांबली असणार. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

"हस ना थोडं."

"हसतेच आहे."

"याला दात दाखवणं म्हणतात, चित्रा."

"मला एवढंच येतं."

त्याने कॅमेरा खाली घेतला. काहीतरी बोलावंसं वाटलं असावं त्याला... ओठ हललेही. पण तो नुसताच म्हणाला, "ठीक आहे. स्पष्ट आलाय. आता तुझा कॅमेरा दे."

"कशाला? हा पाठवते ना."

"नियम म्हणजे नियम. जोडी हवी." आणि तिचा सुपरझूम घेऊन तो पूल ओलांडून पलीकडे गेला.

ती थांबली. पाऊस भुरभुरायला लागला. पलीकडच्या काठावर पिकनिकवाली माणसं पळापळ करायला लागली, छत्र्या उघडल्या, पोरं ओरडत सुटली. यतिन कुठेच दिसेना. तिने पुलाकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं. आत्ता तर होता! माणूस आत्ता होता आणि आता नाही, हे तिला नवं नव्हतं. एक क्षण, दोन क्षण, पाऊस वाढलेला... आणि मग एका झाडाच्या बुंध्याआड तो दिसला. चिंब भिजलेला, कॅमेरा डोळ्याला लावून उभा.

तो परत आला तो निथळतच.

"आला का?"

"आला." त्याने तो फोटो आपल्या फोनवर घेतला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "चांगला आहे ना तो? अजित?"

"आई म्हणते."

"मग बरं."

स्टेशनपर्यंत दोघं भिजतच चालले. त्या दिवशी जिलबीची आठवण कोणीच काढली नाही.

संध्याकाळी त्याने सवयीने जोडी पाठवली, खाली एक अक्षर न लिहिता. चित्रलेखा स्वतःचे फोटो बघत नसे. तिने उघडलेही नाहीत, दोन्ही तसेच आईकडे ढकलले आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं.

दुसऱ्या दिवशी लंचला ती हॉस्पिटलच्या कार पार्कशेजारच्या बाकावर डबा उघडून बसली, तोच आईचा फोन आला.

"चित्रा, पहिला फोटो छान आहे हो. पापण्या मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट. तो मी पाठवू शकते. दुसरा नाही पाठवणार."

"दुसरा पाठवायचा नव्हताच गं, चुकून आला. लांबून काढलाय, पावसात, दाणे आले असतील..."

"दाणे आलेत खरे. पण वेडे, लग्नाच्या माणसाला असा फोटो दाखवतात का? तू कोणाला तरी बघतेयस यात. हरवलेलं माणूस सापडावं तशी बघतेयस." आईचा आवाज भरून आला. "तीन वर्षं हा चेहरा मी बघितला नाही गं. मला वाटलं, तो हृषिकेशबरोबरच गेला."

चित्रलेखाच्या हातातली पोळी तशीच राहिली.

"फोटो कोणी काढला?"

"मित्र आहे."

"नुसता?"

तिला रडू कोसळलं. पलीकडच्या बाकावरच्या नर्सने वळून पाहिलं, तरी थांबेना. "आई, मला भीती वाटते. मी हसले ना, की वाटतं हृषिकेशला मागे टाकून चालले. त्याला काय वाटेल गं?"

आई म्हणाली, "त्याने जिवंत असताना कधी तुझं हसणं अडवलं होतं?"

"नाही."

"मग आता तो कशाला अडवेल? तू अडवतेयस, बाळा. त्याच्या नावावर घालू नकोस." तिने नाक ओढल्याचा आवाज आला. "अजितच्या घरी मी आजच नाही म्हणून कळवते. सज्जन माणसाला उगाच ताटकळत ठेवू नये. आणि त्या फोटोवाल्याचं नाव मला अजून सांगितलं नाहीस तू."

फोन ठेवल्यावर चित्रलेखाने दुसरा फोटो उघडला. दाणे होतेच. साडीचा निळा रंग पावसात विरघळल्यासारखा, कडा धूसर, एक छत्री मध्येच आलेली. आणि त्या सगळ्यात तिचा चेहरा... तिला तो ओळखायला वेळ लागला. इतकी सुंदर आपण कधी दिसलो होतो? आणि यतिनने हे पाहिलं होतं. पाहूनसुद्धा तो 'मग बरं' म्हणाला होता.

शिफ्ट संपल्यावर ती ट्रेनने वेंटवर्थव्हिलला उतरली. ऊन अजून लख्ख होतं. बागेत बाकांवर आजी-आजोबा बसलेले, आणि यतिन एका नाशिकच्या आजींना त्यांचा छापलेला फोटो देत होता. चित्रलेखाला बघून तो उठला.

"पाठवलास फोटो?"

"पाठवला. आई म्हणाली, हा स्थळाला पाठवायचा फोटो नाही."

तो बाकावरचे उरलेले फोटो गोळा करायला लागला.

"काढताना तुला दिसलं होतं, यतिन?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"खूप झूम केलेला होता ना..." तो खाली बघत म्हणाला. "वाटलं, इतक्या लांबून दिसलेलं खरं धरू नये. आणि तू अॅडलेडला निघालेली. तुझ्या वाटेत मी कोण येणार?" मग त्याने मान वर केली. "पण खोटं नाही बोलणार. काल रात्रभर तोच फोटो बघत होतो. मला तू आवडतेस, चित्रा. दुकानात तो ठिपका फ्रेम करायला सांगितलास ना, तेव्हापासून."

तिचे डोळे पुन्हा भरले, पण या वेळी तिने ते लपवले नाहीत.

"एक आधीच सांगते. हृषिकेश माझ्याबरोबर येणार. त्याला मी कुठेही ठेवून येणार नाही."

"येऊ दे ना," यतिन हळूच म्हणाला. "मी त्याची जागा मागत नाहीये. मला माझी दे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने त्याचा हात धरला. नाशिकच्या आजींनी लगेच आपल्या फोटोत डोकं घातलं, पण त्यांचे कान इकडेच होते.

दुसऱ्या हाताने चित्रलेखाने फोन लावला, व्हिडिओवर. साताऱ्यात आई चहाचा कप घेऊन बसलेली दिसली.

"आई, नाव विचारत होतीस ना? हा घे, त्यालाच विचार."

आणि तिने फोन यतिनकडे वळवला. बागेतल्या सगळ्या आजी-आजोबांना बोलण्यात गुंडाळणारा तो माणूस, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! त्याने कसाबसा नमस्कार केला. आईने कप खाली ठेवला, पदराने चष्मा पुसला आणि त्याला नीट निरखून घेतलं.

"बोल बाळा," ती म्हणाली, "तुझ्या घरी कोण कोण असतं?"