दोनशे बारा जणांसाठीचं पत्र

माणसाला स्टुलावर बसवून हनुवटी जरा वर करायला लावली, की तो विचाराल ते निमूटपणे सांगतो. हा माझा स्वतःचा शोध. म्हणून ई-मेलचा पत्ता मी नेमका त्याच क्षणी मागायची. कोपऱ्यावरचा चष्मेवाला ओळखपत्रासाठी फोटो काढायला आला, तेव्हाही मी तेच करणार होते. पण त्याच्या काचांवर दिव्याचा झोत चमकत होता.

"चष्मा काढा," मी म्हटलं.

"काढला तर तुम्ही दिसणार नाही."

"मी दिसायची गरज नाही. फोटो तुमचा आहे."

"म्हणजे नुकसान फक्त माझंच," तो म्हणाला, आणि चष्मा काढून इतका गोंधळून बघायला लागला की मला हसू आवरेना. हात हलला... पहिले तीन फोटो वाया गेले. चौथ्याला मी पत्ता विचारला आणि त्याने दिला. पत्र कशाचं येणार, हेसुद्धा विचारलं नाही.

स्टुडिओ माझ्या आत्याचा. कॅमेरा हातात धरायला तिनेच शिकवलं मला. आता तिचे गुडघे कुरकुरतात, आणि झेरॉक्सवाल्याला आमचा पुढचा अर्धा भाग हवा होता, म्हणजे मोठी खिडकी असलेला. तो गेला तर माझ्याकडे मागची अंधारी खोली आणि ओळखपत्राचे फोटो एवढंच उरलं असतं. आत्याने मला तीन महिने दिले. तू ई-मेलने पाठवशील त्या पत्रांमुळे लोक त्या खिडकीत बसून फोटो काढून घ्यायला आले, तर खिडकी तुझी; नाहीतर तिथे त्याचं मशीन. आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी कामाला लागले. बेकरीत चिठ्ठ्या ठेवल्या, नाचाच्या वर्गाबाहेर ताटकळणाऱ्या आयांना गाठलं, एका लग्नात तर वरमाईचाही पत्ता घेऊन आले. दोनशे बारा नावं जमली. पहिलं पत्र नीट जातंय का हे बघायला सहज चष्मेवाल्याचा पत्ता टाकला, ते गेलं, आणि मग दर बुधवारी पत्र लिहून तेच बटण दाबत राहिले.

पत्रात काय काय असायचं! खिडकीतला उजेड सकाळी गालावर कसा पडतो, आजोबांना हसवायचं तर त्यांना हसा म्हणून का सांगू नये, घरचे फोटो अंधुक का येतात. दोनशे बारा लोकांमधून उत्तर यायचं एकाचंच. चष्मेवाल्याचं.

"तुमचा उजेडाचा धडा वाचला. दुकानातला आरसा हलवून बघितला. गिऱ्हाईकं आता स्वतःकडे जास्त वेळ बघतात, फ्रेमकडे कमी."

दुसऱ्यांदा त्याने विचारलं, हसवायचं तंत्र आजोबांपुरतंच आहे का. मी लिहिलं, चष्मेवाल्यांचा अभ्यास चालू आहे. मग माझी पत्रं हळूहळू मोकळी होत गेली. खरं सांगू? दोनशे अकरा लोकांना मी विसरूनच गेले. मंगळवारपासून मनात वाक्यं जुळायची, बुधवारी ती जायची आणि गुरुवारभर मी स्टुडिओत गुणगुणत फिरायची. आत्या चष्म्यावरून बघायची — तो चष्माही त्याच्याच दुकानातला.

पण खिडकीत बसायला कोणी येईना.

नऊ पत्रं झाली. दहाव्या आठवड्यात बेकरीवाल्या काकू ओळखपत्राचा फोटो काढायला आल्या. मी मोठ्या हौसेने विचारलं, पत्रं आवडतात ना?

"कसली पत्रं गं?"

मी संगणकाकडे धावले. नऊच्या नऊ पत्रांपुढे लिहिलं होतं — चाचणी, पाठवले एकाला. नऊ आठवडे मी चाचणीचंच बटण दाबत होते! पायाखालची जमीन सरकली. आणि मग लक्षात आलं, ज्याला पत्र गेलं त्यालाही वर 'चाचणी' असं दिसलंच असणार. तळपायाची आग मस्तकात गेली.

तो दुकानात एका फ्रेमचा स्क्रू आवळत होता. मी सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्याने फ्रेम खाली ठेवली. "तिसऱ्या पत्रापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"सांगितलं असतं तर... ती पत्रं सगळ्यांची झाली असती."

मी त्याला झेरॉक्सवाल्याचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं. यातलं काहीच मी पत्रात लिहिलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. "मी स्वार्थीपणा केला," तो म्हणाला. मी परत आले. जिन्यात रडू आलं, कारण माणूस आवडत होता आणि रागही खराच होता.

मग पदर खोचला. दहावं पत्र लिहिलं आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. नऊ आठवडे मी तुम्हाला लिहीत होते आणि वाचत होता एकच जण. आता तुम्ही वाचा, आणि या खिडकीत येऊन बसा. खाली नऊ पत्रं जोडली. आत्याला शेजारी उभं केलं, तिने नीट बघून सांगितलेलं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौसष्ट उत्तरं आली. कोणाला आईसोबत बसायचं होतं, वरमाईंना नव्या सुनेला घेऊन यायचं होतं, आणि सगळ्यांना तो एक जण कोण हे जाणून घ्यायचंच होतं. दोन रविवार भरले. आत्याने झेरॉक्सवाल्याला फोन करून दुसरी जागा बघायला सांगितलं. मी तिला मिठी मारली, तेवढ्यात पडद्यावर सूचना आली: एका व्यक्तीने यादीतून नाव काढलं.

चष्मेवाला.

नाव काढणाऱ्याला तिथे कारण विचारतात. बहुतेक लोक तो रकाना रिकामा सोडतात. त्याने भरला होता.

'पत्र उत्तम आहे. पण यादीतला एक होऊन मला वाचता येणार नाही. माझं तुमच्यावर प्रेम आहे. एवढं कारण पुरतं का, बघा.'

मी चप्पलसुद्धा उलटसुलट घालून निघाले. दुकानात एक गिऱ्हाईक अक्षरांचा तक्ता वाचत होतं, तरी मी थांबले नाही.

"कारण पुरतं," मी म्हटलं. "आणि माझंही आहे."

गिऱ्हाईक वाचायचं थांबलं. तो नुसता हसत राहिला, आणि त्याला हसवायचं तंत्र मला अखेर सापडलं.

परत आले तेव्हा आत्या यादी उघडून बसली होती. एक नाव कमी झालं, मी सांगितलं.

"कमी कसलं," ती म्हणाली. "त्याला रविवारी जेवायला बोलाव."