तीन हात पाणी

मला वाटलं होतं, शिकून परत आले की गावाचं आरोग्यच बदलून टाकीन. प्रत्यक्षात तिसऱ्याच महिन्यात मी आत्याला होडीत निजवून खाडीमार्गे शहरातल्या इस्पितळाकडे निघाले होते. मला वाढवलं ते तिनेच. तिच्या पोटदुखीवर मी दोन दिवस गोळ्या देत बसले. "इथेच बरी करते" हा माझा हट्ट. आता तिचं पोट दगडासारखं लागत होतं.

खाडी गाळाने भरलेली. ओहोटीत रुतलो तर सकाळपर्यंत सुटका नाही, आणि आत्याकडे तेवढा वेळ नव्हता. नावाडीकाकांचा भाऊ पुढे बसून खोली मोजायचा. तो गेल्या वर्षी वारला, म्हणून त्याचा लांब बांबू माझ्या हाती आला.

"डॉक्टरीणबाई, आता पाण्याची नाडी बघा," काका म्हणाले. "बांबू टेकला की किती हात ते ओरडायचं. मी 'ऐकलं' म्हणेन."

पहाटेपासून मी ओरडत होते. चार हात. ऐकलं. साडेतीन हात. ऐकलं. दुपार कलली तसा घसा बसला, मग आवाजच गेला. त्यात धुकं उतरलं, कुजक्या शेवाळाचा वास घेऊन. मी वळून काकांना खूण करणार, एवढ्यात पुढून, पाण्यावरून हाक आली.

"तीन हात…"

"ऐकलं!" काका म्हणाले. "घसा सुटला वाटतं!"

आवाज माझाच होता. मी तोंडही उघडलं नव्हतं.

बांबू खाली सोडला. पार मुठीपर्यंत गेला. तळ लागला नाही. थांबा म्हणून मी फळीवर हात आपटला. काकांना वाटलं घाई करतेय. त्यांनी वेग वाढवला.

आत्याने डोळे उघडले. "बाळ… तू इथे आहेस ना? मग तिथे कोण ओरडतंय?"

थांबलो असतो तर ती गेली असती. मी पुन्हा फळीवर हात आपटला नाही.

"दोन हात…"

"ऐकलं!"

दिवेलागणीला पोहोचलो. आत्याचं ऑपरेशन झालं, ती वाचली. "तासाभराने आणली असती तर…" एवढंच बोलून सर्जन गेले.

सकाळी मी काकांना खुणेने सांगायला धक्क्यावर गेले, की मी आत्याजवळ राहतेय, आता गावी येत नाही. ते माझ्याकडे पाठ करून दोर सोडत होते. धुक्यातून, अगदी जवळून, माझा आवाज आला.

"एक हात…"

"ऐकलं! बसा पुढे, निघू या," काका न वळताच म्हणाले.

त्या धक्क्याला मोठ्या लाँच लागतात. तिथे एक हात पाणी असूच शकत नाही. तेव्हा कळलं, ते आकडे खोलीचे नव्हतेच. तो आवाज आमच्यापासून किती लांब आहे, त्या अंतराचे होते.

ओरडायला गेले, घशातून नुसती हवा आली. मग ठरवलं: काकांना एकटं जाऊ द्यायचं नाही. पुढच्या जागी दुसरं कुणी बसण्याआधी मीच बसायचं.

मी होडीत उतरले, बसले. फळी ओली होती.

आणि कोमट.