न तुटणारी जोडणी

वाळंजेवाडीत त्या वर्षी कुणाचंच बोलणं अर्ध्यावर तुटत नव्हतं. सड्यावर, म्हणजे त्या उघड्या पठारावर, धुकं उतरो की वादळ येवो, फोनच्या पडद्यावरचा माणूस हसत-बोलत राहायचा. हौसाबाई येडग्यांच्या घरी मात्र अजून जोडणी नव्हती आणि आता ती टाळून चालणार नव्हतं. नवरा बिरू हृदयाच्या दुखण्यातून नुकताच उठला होता. त्याच्या छातीवरची पट्टी हृदयाचे ठोके तालुक्याच्या दवाखान्यात पोचवणार होती, त्यासाठी घरात इंटरनेट हवं होतं.

जोडणी तयार करणाऱ्या शास्त्रज्ञ मेधा केळुसकर स्वतःच आल्या.

"एक आहे उपग्रहाची थाळी," त्या म्हणाल्या. "दाट ढग आले की ती बंद पडते. दुसरी आहे भरणी."

"भरणी म्हंजी?"

"घोंगडं विणताना धागा तुटला तर काय करता?"

"गाठ मारून म्होरं इणायचं."

"हे यंत्र तेच करतं. माणूस कसा बोलतो, कशाला काय उत्तर देतो, हे ते शिकून घेतं. संदेश मध्येच तुटला, की माणूस पुढं काय बोलेल ते ओळखून त्याच आवाजात, त्याच चेहऱ्यानं जागा भरून काढतं."

"आन् चुकीचं भरलं तर?"

"दोन-चार शब्दांचा तर प्रश्न. माणूस बहुतेक वेळा ठरलेलंच बोलतो, हौसाबाई."

सड्यावर वर्षातले चार महिने ढग. थाळी काय कामाची? हौसाबाईनं भरणी घेतली.

तीन महिने सुरळीत गेले. मग श्रावणातल्या एका सकाळी बिरू न्याहारी टाकून उठला आणि भिंतीला टेकून खाली बसला. कपाळ घामानं डबडबलेलं. हौसाबाईनं फोन लावला. पडद्यावर तालुक्याचे डॉक्टर शेटे आले.

"घाबरू नका. जिभेखालची गोळी द्या, त्यांना टेकून बसवा. गाडी पाठवतोय."

तासाभरानं तिनं पुन्हा विचारलं. "गाडी घाटात आहे, हौसाबाई." आणखी तासानं, "पोचेलच आता." बिरूचे ओठ काळसर पडायला लागले होते.

"गाडीवर कोन हाय, डॉक्टर?"

"चांगला माणूस आहे. काळजी करू नका."

उत्तरं सगळी बरोबर होती, पण एकातही काही नव्हतं. तिनं कोपऱ्यातला कोयता उचलून पडद्यासमोर धरला. "माज्या हातात काय हाय, सांगा!"

डॉक्टर हसले. "सगळं ठीक होईल."

ती किंचाळतच बाहेर धावली. शेजाऱ्यांनी बिरूला घोंगड्याच्या झोळीत घालून उतार गाठला आणि दुधाच्या टेम्पोतून तालुक्याला आणलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टर शेटे थिजून उभे राहिले.

"अहो, तासाभरापूर्वीच तर बोललो आपण! तुम्ही म्हणालात, बरे आहेत. पट्टीचे ठोकेसुद्धा व्यवस्थित येतायत!"

बिरू वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. आता त्याला अंगणातून दारापर्यंत येतानाही धाप लागायची.

मेधाबाई आल्या तेव्हा त्यांची मान खाली होती. त्या दिवशी पहाटेच संदेश पोचवणारा मनोरा कोसळला होता. दिवसभर दोन्ही टोकांना यंत्रच बोलत होतं, ठोकेही तेच भरत होतं.

"आधी यंत्रावर पिवळा दिवा होता," त्या म्हणाल्या. "भरणी सुरू झाली की लागायचा. पण तो लागला की लोक बोलायचेच थांबत. म्हणून आम्ही काढला."

हौसाबाईच्या हट्टावरून त्यांनी दवाखान्यातलं त्या दिवसाचं चित्रण दाखवलं. पडद्यावरच्या हौसाबाईनं पदर सारखा केला आणि ती हसून म्हणाली, "झोप ब्येस लागली त्यास्नी. भाकरी खाल्ली. तुमी उगा काळजी करू नगा."

"ही मी न्हवं!"

"नाही," मेधाबाई हलकेच म्हणाल्या. "पण हे आम्ही तिला शिकवलं नाही. तीन महिन्यांत डॉक्टरांनी कितीदा तरी विचारलं. दर वेळी तुम्ही हेच सांगितलंत. खरंच त्यांना कधी दुखत नव्हतं?"

हौसाबाईनं मान वळवली. खाटेवरून बिरू तिच्याकडे बघत होता.

तिनं भरणी काढायला लावून थाळी बसवून घेतली. चार दिवसांनी ढग फाटले, तसा डॉक्टरांचा फोन आला.

"कसे आहेत बिरूदादा?"

उत्तर तिच्या ओठांवर तयारच होतं. हात पदराकडे गेला. तो मध्येच थांबवून ती तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली, आणि डॉक्टरांना वाटलं, जोडणी तुटली.