केतकीचं अर्धं दुःख

कोयनाकाठच्या त्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, मनसेतूचे पट्टे खुंटीला टांगलेले असत. एक पट्टा मुलाच्या कपाळाला बांधायचा, दुसरा शिक्षकाच्या. भीतीचे किंवा दुःखाचे जे विद्युततरंग मुलाच्या मेंदूत उठत, त्यांचा काही भाग हा सेतू शिक्षकाच्या मेंदूत उतरवी. मुलाचा भार तेवढा हलका होई आणि ते बोलू लागे. मनसेतू आल्यापासून एकाही मुलानं धास्तीपोटी शाळा सोडली नव्हती. वर्गशिक्षिका नीरजा खोत यांना त्याचा फार अभिमान होता.

त्यांच्या वर्गातल्या केतकीचा धाकटा भाऊ नदीत बुडाला. ती शाळेत यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही.

सेतू तयार करणारे डॉ. इनामदार म्हणाले, "मॅडम, सगळा भार घ्या. मुलगी उद्यापासून हसेल."

"आणि भाऊ?"

"आठवेल. फक्त दुखणार नाही."

"म्हणजे तो तिला परकाच होईल. मी अर्धंच घेते. उरलेलं पेलायला तिच्या सोबत बसेन."

"एकदा घेतलेलं परत देता येत नाही, मॅडम."

"ठाऊक आहे."

पट्टे बांधले. ज्याला कधी पाहिलंही नव्हतं, त्या मुलासाठी नीरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर केतकी पहिल्यांदाच रडली. मग शाळा सुटल्यावर दोघी रोज व्हरांड्यात बसू लागल्या. कधी केतकी बोले, कधी नुसतीच बसे. नीरजाबाईंनी तिला घाई केली नाही.

स्नेहसंमेलनात केतकी भावाबद्दल बोलली. त्याच्या खोड्या ऐकून सगळे हसले. मध्येच तिचा आवाज कापला, ती थांबली, पाणी प्यायली आणि तिनं भाषण पुरं केलं. नीरजाबाईंना वाटलं, इतक्या वर्षांच्या नोकरीचं आज चीज झालं.

मंचावरून उतरून ती थेट त्यांच्याकडे आली. "मॅडम, तुमचं कुणी गेलंय का हो?"

"माझी आई. मी कॉलेजात होते तेव्हा."

"तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं?"

नीरजाबाई आठवू लागल्या. आत दुःखं पुष्कळ होती, वर्षानुवर्षं सेतूवरून मुलांकडून घेतलेली. कुणाचा बाप घर सोडून गेला होता, कुणी नापास झालं होतं, कुणाचा भाऊ पाण्यात गेला होता. सगळी सारखीच दुखत होती. त्यातलं आईचं कोणतं, ते त्यांना ओळखता येईना.

"सापडत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या.

केतकीनं खुर्ची ओढली आणि ती त्यांच्या शेजारी बसली.