दमलेल्या दिव्यांची जीप

बॅटरी भरलेली, बल्ब कालच बदललेले, काचा राखेने घासून लख्ख केलेल्या. तरीही जीपचे पुढचे दिवे तेल संपत आलेल्या समईसारखे मिणमिणत होते. असं का, ते शाल्मलीला कळेना.

"उजेड निम्मा," तपासणी केंद्रातला यंत्रमानव म्हणाला. त्याचं खरं नाव सतरा आकडी होतं, म्हणून शाल्मलीने त्याचं 'मोजूभाऊ' केलं होतं. "सायंकाळी पाचपर्यंत सुधारणा करावी. अन्यथा वाहन भंगारात जमा होईल."

साल २०६१. जीप अडुसष्ट वर्षांची, शाल्मलीच्या आजोबांपेक्षा, म्हणजे आप्पांपेक्षा, दोनच वर्षांनी लहान. पण ती शोभेची नव्हती. वसुधाआत्या गुरांची डॉक्टर. स्वतः चालणाऱ्या नव्या गाड्या घाटात धुकं उतरलं की 'क्षमस्व' म्हणून जागच्या जागी बसायच्या. डोंगरावरच्या धनगरवाड्यावर जायची ती जीपच. तिथली दोन रेडकं तापाने पडली होती. उद्या सकाळी लस पोचली नाही, तर बाकीच्या चाळीस म्हशींचंही काही खरं नव्हतं.

"दुप्पट ताकदीचे बल्ब घालते," घरी येताच आत्या म्हणाली.

"घाल की," आप्पा म्हणाले. "वायर वितळली की पडेल उजेड. पण बॉनेटखाली!"

आप्पा कोल्हापूरच्या एका कारखान्यात विजेची यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी शाल्मलीच्या हातात विजेचा दाब मोजायचं मीटर दिलं. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट. दिव्यापाशी जेमतेम दहा.

"अडीच व्होल्ट गेले कुठे?"

"वाटेत दमले. बघ, वीज बॅटरीतून निघते, आत स्टिअरिंगजवळच्या बटणापर्यंत जाते, तिथून परत पुढे दिव्याकडे येते. वाट लांब, वायर बारीक आणि बटण जुनं. या सगळ्यांचा रोध (विजेच्या वाटेतली अडवणूक) तिला ओढून धरतो. तो दाब वायर तापवण्यात वाया जातो. आणि दाब पाचवा हिस्सा घटला, की अशा बल्बचा उजेड निम्म्यावर येतो."

"म्हणजे मोठे बल्ब जास्त वीज ओढणार, आणि वायर आणखी तापणार!"

"तुझ्या आत्याला समजाव हे. ती डॉक्टर आहे, तिला माझं पटत नाही."

"ऐकू येतंय मला, आप्पा," आत्या जीपखालून म्हणाली.

आप्पांनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून काडेपेटीएवढे दोन काळे ठोकळे काढले. प्रत्येकाला चार पाय.

"हा रिले (थोड्या विजेच्या हुकमावर जास्त वीज सोडणारी कळ). लग्नाच्या पंगतीत यजमान काय करतो?"

"नुसता ओरडतो. इकडे भात आणा, तिकडे जिलेबी वाढा!"

"भाताचं पातेलं स्वतः उचलतो का? कंबर मोडेल. आपलं बटण इतकी वर्षं पातेलं उचलत होतं. आता त्याने फक्त ओरडायचं."

रिलेच्या पोटात तांब्याच्या तारेचं गुंडाळं होतं. बटण दाबलं की त्यातून चिमूटभर वीज जाते आणि त्याचा विद्युतचुंबक (वीज वाहते तेवढाच वेळ चुंबक) होतो. तो लोखंडाची पट्टी खेचतो, पट्टी टेकते, आणि बॅटरीची वीज जाड, आखूड वायरीतून थेट दिव्याकडे जाते. दोन पाय हुकमाचे, दोन कामाचे. एक रिले जवळच्या उजेडाला, एक लांबच्या. बॅटरीजवळ फ्यूज बसवायला आप्पा विसरले नाहीत.

साडेतीन वाजता शाल्मलीने बटण दाबलं. बॉनेटखालून आवाज आला. टक! उजेड वाढला, पण पुरेसा नाही. दिव्यापाशी अकरा व्होल्ट.

आप्पा चिडले. सगळे जोड पुन्हा तपासले. चार वाजले. आत्या लशीच्या बर्फपेटीकडे बघत बसली.

"आप्पा, वीज जाते ती वाट आपण दुरुस्त केली," शाल्मली सावकाश म्हणाली. "पण ती परत कुठून येते?"

"जीपच्या पत्र्यातून. दिव्याची काळी वायर त्या बोल्टवर..." आप्पा थांबले.

बोल्ट दिसतच नव्हता. तिथे हिरवा फुगवटा होता. दर खंडेनवमीला आप्पा जीप धुवायचे, बॉनेटखाली हिरव्या रंगाचा हात फिरवायचे आणि मग झेंडूचा हार घालायचे. एक वर्षही चुकलं नव्हतं. वायर काढून, बोल्ट रंगवून, ओल्या रंगावरच ती पुन्हा आवळायची, ही चूकही मात्र दरवर्षी झाली होती.

शाल्मलीने मीटरचं एक टोक दिव्याच्या काळ्या वायरीला लावलं, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला. जिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं, तिथे दीड व्होल्ट!

"रंगातून वीज जात नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," आप्पा पुटपुटले. "सदतीस वर्षं तेच शिकवत होतो कारखान्यात."

आत्या हसली नाही. तिने फक्त सँडपेपर पुढे केला.

रंगाचे पापुद्रे निघाले, खालचा पत्रा चांदीसारखा चमकला. वायर घट्ट बसली. टक! समोरची भिंत पांढरीफटक झाली. सव्वाबारा व्होल्ट.

पाचला सात मिनिटं कमी असताना केंद्रात मोजूभाऊने उजेड मोजला. "उत्तीर्ण. दोष कोणता होता?"

"प्रेमाने रंगवलेला बोल्ट," आत्या म्हणाली.

"असा दोष माझ्या यादीत नाही."

"मग लिहून घे," शाल्मली म्हणाली. "आणि खरं सांग, तुझ्यात रिले आहेत?"

"चौदा." मोजूभाऊने हात वर केला. खांद्यातून बारीकशी टक ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात धुकं दाटलं होतं. तीन नव्या गाड्या कडेला क्षमस्व म्हणत उभ्या होत्या. शाल्मलीने आत्याच्या परवानगीने बटण दाबलं. धुक्यात पुढचं वळण दिसलं, मग त्यापुढचं. जीप त्या तिघींना ओलांडून वर चढू लागली.

खंडेनवमीला आप्पा पुन्हा हिरव्या रंगाचा डबा घेऊन आले. बोल्टवर आधीच चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर शाल्मलीच्या अक्षरात लिहिलं होतं : इथे फक्त झेंडू.