सोयरिकीची केळी

एरंडोल-पारोळा रस्त्यावर बर्फ पाहिलाय कधी? मी पाहिलाय. त्र्याण्णव साली, फाल्गुनातल्या भर दुपारी, आमच्या पांढऱ्या अॅम्बेसेडरच्या काचेतून... आणि तोही चष्म्याशिवाय!

म्हणजे गाराच होत्या हो, बोराएवढ्या. पण पंधरा मिनिटं अशा काही कोसळल्या, की डांबर दिसेना. शेतं पांढरी, रस्ता पांढरा, आणि आमची गाडी चढावर अडकलेली. चिंधाभाऊ, आमचा ड्रायव्हर, जीव खाऊन अॅक्सिलरेटर दाबत होता. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती आणि गाडी पुढं जायचं सोडून तिरकी होत नाल्याकडं सरकत होती.

"अरे बापा, मारतं काय आम्हाले!" शेवंता आत्या किंचाळली.

मी मात्र मनातून खूश होते. खोटं कशाला बोलू? पाच वाजता धुळ्याला, नातलगांकडं, मला बघायला येणार होते. मुलगा बँकेत. त्याच्या आईनं आधीच निरोप धाडला होता, "चष्म्याची मुलगी नको." म्हणून सकाळी सावद्याहून निघतानाच आत्यानं माझा चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "कुंकू लागेपर्यंत डोळ्यावर दिसला नाही पाहिजे, कुंदे." एकदा कुंकू लागलं, की लग्न ठरलंच. मग काय, जन्मभर चाचपडत संसार करायचा? पण आत्यासमोर बोलणार कोण! माझे वडील, आबासुद्धा, या थोरल्या बहिणीपुढं मान वर करत नाहीत.

एवढ्यात गारा करकर तुडवत कोणीतरी आलं. मला दिसला तो नुसता एक हिरवा ठिपका, डोक्यावर काळी ट्रंक घेतलेला.

"भाऊ, पाय काढ," तो चिंधाभाऊला म्हणाला. "जितलं दाबशी, तितलं घसरशी!"

"तू कोण रे?" आत्यानं काच खाली केली.

"गिरधर. पारोळ्याचा. लेहला मिलिटरीत ड्रायव्हर आहे, मावशी. सुट्टीवर आलोय. आमची एस. टी. मागं थांबलीय, म्हणून चालत निघालो." त्यानं वाकून चाकं बघितली. "या गाडीला मागची चाकं ढकलतात. त्यांच्यावर वजन नसेल, तर ती बर्फ धरणार कशी? डिकीत काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

"आणि पुढं गोधडी घेऊन कोण बसलंय?"

"केळी."

"...केळी?"

आता हे त्याला कसं सांगावं! आमच्या घरात सोयरिकीला निघताना बागेतले दोन घड जोडीनं नेतात. डाग पडला, चेपला, तर तो घड सोयरिकीला चालत नाही. म्हणून माणसं मागं अंग चोरून बसतात आणि घड पुढच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून, ऐटीत.

ऐकून तो हसला. असं मोकळं हसला, की मला उगीचच त्याचा चेहरा नीट बघावासा वाटला.

"आमच्याकडं त्या जागी कर्नलसाहेब बसतात," तो म्हणाला. "मावशी, घड डिकीत टाका, माझी ट्रंक टाका, जमेल तेवढी माती टाका. गाडी निघेल."

"सोयरिकीची केळी डिकीत? काहीतरीच!"

"मग घडही इथं आणि तुम्हीही इथं."

आत्यानं डिकीकडं बोट केलं. तिनं कुणाचं ऐकलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्यानं दोन्ही घड तान्ह्या बाळासारखे गोधडीवर निजवले आणि ट्रंक पार दुसऱ्या कडेला, स्टेपनीला टेकवून ठेवली. चिंधाभाऊ शेताच्या बांधावरून घमेल्यानं माती आणत होता. मी हात लावायला म्हणून उतरले आणि हळूच म्हटलं, "नाही निघाली तरी चालेल..."

"काय?"

"गाडी. धुळ्याला मला बघायला येणारेत."

"मग?"

"मला नाही बघायचं त्यांना."

तो जवळ आला. "गाडी काढणं माझं काम," आवाज बारीक करून म्हणाला. "पुढचं तुमचं."

पुढचं माझं? बरं! तो गोणपाट चाकाखाली घालायला वळला, तशी मी डिकीत वाकले आणि ती लोखंडी ट्रंक दोन्ही हातांनी थोरल्या घडावर ढकलली. पचकन आवाज झाला. मान वर केली तर समोर तोच! त्यानं घडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं... आणि डिकी लावून टाकली.

"आता इथं उभ्या राहा," तो म्हणाला, "आणि चाक नाल्यापासून किती लांब आहे ते सांगत राहा."

"मला नालाच दिसत नाही. चष्मा पर्समध्ये आहे."

"मग लावा की! बर्फावर असं आंधळ्यासारखं कोणी उतरतं का? मावशी, यांचा चष्मा द्या आधी. नाहीतर गाडी नाल्यात जाईल."

आत्यानं कुरकुरत दिला. मी लावला आणि हाय रे दैवा! उन्हानं आणि थंडीनं रापलेले गाल, सोललेलं नाक, आणि हसताना पुढं येणारा एक वेडावाकडा दात.

"आता बरं दिसतंय," तो म्हणाला.

"मला की तुम्हाला?"

"...दोघांना." आणि कानापर्यंत लाल झाला.

स्टेअरिंगवर तोच बसला. पहिला नाही, दुसरा गिअर टाकला, क्लच सावकाश सोडला, आणि गाडी मुकाट्यानं चढ चढली. पुढं उतार आला. चिंधाभाऊ त्याच्या शेजारी देवाचं नाव घेत बसलेला, आम्ही दोघी मागं. एकदा गाडीचा मागचा भाग डावीकडं सरकला, तर यानं स्टेअरिंगही हलक्या हातानं डावीकडंच वळवलं. गाडी सरळ!

"तिकडंच कसं वळवता?" मी आरशातल्या डोळ्यांना विचारलं.

"मागची बाजू जिकडं जाते, तिकडंच वळवायचं. ब्रेक अजिबात नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना! भीती वाटली की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि तिथंच माणूस घसरतो."

आत्याची चौकशी सुरू झाली. वडील? वारले. शेती? चार एकर. मामाकुळ? यावलचे रुपचंद पाटील.

"म्हणजे आपल्यातलाच निघाला," आत्या पुटपुटली. "सुट्टी किती?"

"महिनाभर. आई म्हणते, या खेपेला लग्न केल्याशिवाय सोडणार नाही."

"मग... पाहिली का कुठली?" हे मी विचारलं. कसं विचारलं, देव जाणे.

"आत्ताच तर येतोय." आरशातले डोळे थांबले. "एक पाहिली."

पारोळा पाच किलोमीटर. पारोळा दोन. गारा संपल्या, डांबर काळं झालं. हा आता उतरणार. आम्ही पुढं धुळ्याला. मग कुठला गिरधर आणि कुठली मी!

त्याच्या दारात गाडी थांबली. आई, कमलबाई, भाकरतुकडा ओवाळायला धावत बाहेर आली. ट्रंक काढायला डिकी उघडली, आणि आत्याचा चेहरा उतरला. थोरला घड पार चेपलेला, गोधडी चिकट.

"ट्रंक यावर कोणी ठेवली?"

"मी, मावशी," गिरधर पटकन म्हणाला. "चूक झाली."

माझ्यावरचा दोष त्यानं सरळ स्वतःच्या अंगावर घेतला. आता मी गप्प बसले असते, तर सुटले असते. घडांची जोडी मोडली म्हणून धुळं आज टळलं असतं, पुढच्या आठवड्यात परत ठरलं असतं... आणि हा माणूस आत्याच्या लेखी कायमचा वेंधळा ठरला असता. भीती तर वाटतच होती, पण ब्रेक अजिबात नाही!

"आत्या, खोटं बोलतोय हा. मी ढकलली. मुद्दाम. मला धुळ्याला नाही जायचं. आणि चष्मा मी कुणासाठीच काढणार नाही."

"आणि?" आत्या माझ्याकडं रोखून बघत होती.

"आणि... मला हा आवडलाय."

गल्लीत भरदिवसा बोलले मी हे! चिंधाभाऊनं गाडीमागं तोंड लपवलं.

"मावशी, मला पण ही—" गिरधरनं सुरुवात केली.

"तू गप रे! तुझं थोबाड सांगतंय सगळं." आत्या कमलबाईंकडं वळली. "काय हो बाई, तुमच्याकडं चष्म्याची सून चालती का?"

कमलबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर तेच, वेडावाकडा दात दाखवणारं हसू उमटलं. "चष्मा लाईसन का व्हयेना, मना पोऱ्या तिले दिसना म्हंजे बठ्ठं उनं. घरमा या, माय." चष्मा लावून का होईना, त्यांचा पोरगा मला दिसला, म्हणजे सगळं आलं!

आत्यानं माझ्या चष्म्याकडं एकदा पाहिलं. मग चिंधाभाऊला म्हणाली, "एस. टी. डी. वरून धुळ्याला फोन लाव. म्हणावं, गारांत अडकलो."

"पण गाडी तर निघाली, अक्का."

"गाडी निघाली रे. पोरगी अडकली." आणि तिनं डिकीतला दुसरा, धड राहिलेला घड दोन्ही हातांनी उचलला. "एक तर एक, पण सोयरिकीला काढलेला घड माघारी नेत नाहीत. आबाशी मी बोलते." पदर सावरून तिनं तो कमलबाईंच्या उंबऱ्यावर ठेवला.

गिरधर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "पाय ब्रेकवर नाही गेला?"

"जात होता," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, काचा धुरकटल्या होत्या. त्यानं खिशातला रुमाल पुढं केला. मी चष्मा नीट पुसला, परत डोळ्यावर लावला आणि घडाला पाय लागू न देता उंबरा ओलांडून आत गेले.